राखण

नोटा मोजायचं सुटलं
तेव्हापासून आम्ही पायऱ्या मोजतो.
नाशिकरोडच्या प्रेसमधून
एकाच मार्चात बाहेर पडलेल्या चौघीजणी.
रविवारी सिटीलिंकची पहिली बस,
डब्यात भाकरी, ठेचा, आणि
एकेकीचा एकेक डोंगर.

हौसा सानपचा अंजनेरी.
तिथं माकडानं माझी पिशवी नेली,
चष्म्यासकट, बीपीच्या गोळ्यांसकट.
"मारुतीनं घेतल्या म्हण," हौसा म्हणाली,
"त्यालाही डोंगर उचलायचे असतात."

चंचल कासलीवालचा गजपंथ, म्हसरूळचा.
डोलीवाल्यानं आधी मला पाहिलं,
मग सोबत्याकडं,
मग दर सांगितला.
मी म्हटलं, राहू द्या,
मी चपला राखते.

तेव्हापासून हेच माझं खातं.
एकतीस वर्षं उभ्यानं ड्यूटी केली,
आता गुडघ्यांनी बसून घ्यायचं ठरवलंय.
देव वर असतो, मी अर्ध्यात.
हौसाची डावी टाच बाहेरून झिजते.
चंचलच्या चपलेचा अंगठा दोन वर्षं सेफ्टी पिनवर आहे,
आणि मुलगा कॅनडात.
माझी जाऊ हेलिकॉप्टरनं केदारनाथला जाऊन आली.
फोटोत तिच्यामागं एवढा बर्फ,
पण पाय कापले गेलेत,
तेव्हा तिचं खरं काय ते मला कळलं नाही.

आज सुमेधा गांगुर्डेची पाळी.
"त्रिरश्मी म्हणा. पांडवलेणी नाही.
पांडव कधी आले होते इथं?"
आम्ही दर वेळी विसरतो,
ती दर वेळी सांगते, न रागावता.

जानेवारी. दगडसुद्धा आखडलेला.
पेरूवाली अजून मीठ-तिखट कालवतेय.
झाडाखालची माझी पायरी, माझ्याभोवती
तीन पिशव्या, तीन बाटल्या, एक स्वेटर
जो वर जाताना हौसाला नेहमी जड होतो.
खाली हायवे. त्यापलीकडं अंबडची धुराडी.
एक जोडपं भांडत चढलं,
गप्प उतरलं.
एका पोरानं विचारलं, आजी, अजून किती?
मी म्हटलं, मला अर्धंच माहितीये.

आधी आवाज उतरतात, मग माणसं.
"एकशे नव्वद," हौसा.
"दोनशे अकरा," चंचल.
प्रेसमध्ये असतो तर एवढ्या फरकावर
दोघींना गेटवर थांबवलं असतं.

सुमेधा माझ्याजवळ बसली.
म्हणाली, वर भिंतीवर लिहिलंय,
कुणी विणकरांच्या श्रेणीकडं पैसे ठेवले,
दोन हजार, शेकडा एक, दर महिन्याला.
व्याजातून भिक्षूंना चीवरं.
मी मनात गुणाकार केला. बारा टक्के.
पोस्टसुद्धा देत नाही.
"आणि मुद्दल?"
"मुद्दल परत द्यायचं नाही. तसंच लिहिलंय."
दोन हजार वर्षं कुणीतरी
मुद्दलाला हात लावला नाही
म्हणून ही बाई इतकी खूश.

मग म्हणाली, तीन नंबरच्या लेण्याला
सहाजण आहेत, ओट्याखाली.
जमिनीतून छातीपर्यंतच वर आलेले.
खांद्यावर तुळया.
अख्खं लेणं त्यांच्यावर.
"आत गेले नाहीत कधी?"
"कसे जातील? सोडलं तर खाली येईल सगळं."
पेरूची फोड पुढं केली.
"एकाचे गाल अगदी तुझे."

हौसा हसली. चंचल हसली.
मीही हसले, पण जरा उशिरा,
मीठ बोटाला लागलं होतं ते चाटून झाल्यावर.

बसची वेळ झाली.
तिघींनी मला उठवायला हात पुढं केले.
मी आधी त्या हातांत पिशव्या दिल्या,
जिची तिला,
मोजून.